देवीच्या टेकडीवरचे चित्रसंग्रहालय
(औंधच्या श्रीभवानी चित्रसंग्रहालयाचा आणि त्यामागच्या कलासंसाराचा इतिहास)

वणीच्या कलारसिकांसाठी निघणाऱ्या स्मरणिकेत सातारा जिल्ह्यातल्या एका संस्थेचा इतिहास कशाला, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच म्हणावा लागेल. मुंबई-पुण्याची उदाहरणे दिली की आपण लगेच म्हणतो, तिथे पैसा आहे, माणसे आहेत, दालने आहेत. आपल्या गावात काय आहे? म्हणून मुद्दाम एक आडगाव निवडले आहे. खटाव तालुक्यातले औंध. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे जावे लागते. पाऊस कमी, जमीन बेताची, व्यापारउदीम फारसा नाही. गावाची ओळख टेकडीवरच्या यमाईमुळे. देवीच्या वाटेवरचे गाव कसे असते हे वणीकरांना कोणी सांगायला नको. यात्रेला ओथंबून वाहणारे, एरवी निवांत. औंधची टेकडी अर्धी चढली की मात्र एक इमारत लागते आणि तिच्यात राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रे आहेत, धुरंधरांची आहेत, बाबूराव पेंटरांचे काम आहे, पहाडी शैलीतली लघुचित्रे आहेत, बंगाल शैलीची चित्रे आहेत, हस्तिदंत आणि चंदनावरचे कोरीव काम आहे, आणि विसाव्या शतकातले थोर ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे ‘आई आणि मूल’ हे दगडी शिल्पही आहे. लंडनच्या संग्रहालयात ज्याच्यापुढे माणसे थबकतात त्या शिल्पकाराचे काम खटाव तालुक्यात बघायला मिळते, यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

हे सारे उभे राहिले भवानराव श्रीनिवासराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्यामुळे. जन्म १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी. ए. झालेले, कायद्याचाही अभ्यास केलेले. १९०९ मध्ये ते गादीवर आले तेव्हा त्यांच्या वाट्याला आलेले संस्थान होते ७२ गावांचे, आणि ती गावेही सलग नव्हेत. काही औंधभोवती, काही आटपाडीकडे, काही कुंडलकडे विखुरलेली. बडोदे, ग्वाल्हेर, म्हैसूर यांच्यापुढे औंधची गणतीच नव्हती. बडोद्याच्या सयाजीरावांना कलाभवन काढणे परवडले. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले आपल्या जिल्ह्याचे दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात शिकून पुढे चित्रपटापर्यंत पोहोचले. औंधच्या तिजोरीत तेवढे बळ नव्हते, म्हणून तिथला इतिहास वेगळ्या वाटेने गेला. आणि माझ्या मते आपल्यासारख्यांना शिकण्यासारखी वाट तीच आहे.

पहिली गोष्ट अशी की हा राजा केवळ विकत घेणारा नव्हता. तो स्वतः चित्रे काढी, कीर्तने करी, रोज सूर्यनमस्कार घाली आणि साऱ्या संस्थानाला घालायला लावी. सूर्यनमस्कारांवरच्या त्यांच्या पुस्तकाचा बोलबाला विलायतेपर्यंत झाला. त्यांच्या चित्रांविषयी भाबडे होण्याचे कारण नाही. रविवर्म्याच्या छायेतली, पौराणिक विषयांची, रेखाटनात कुठे कुठे अवघडलेली अशी ती चित्रे आहेत. १९१६ मध्ये त्यांनी चित्ररामायण प्रसिद्ध केले तेही याच वळणाचे. पण हाताला रंग लागलेला माणूस चित्र विकत घेताना जे पाहतो ते नुसत्या पैसेवाल्याला दिसत नाही. संग्रह पुष्कळ झाले. त्यातले बरेचसे मालकाच्या हौसेबरोबर विरले, लिलावात गेले, नातवंडांत वाटले गेले. औंधचा टिकला, त्यामागे संग्रह करणाऱ्याला चित्र कसे होते हे ठाऊक होते, हे एक कारण मला वाटते. दुसरे कारण पुढे येईलच.

संग्रहालयाची इमारत झाली १९३८ मध्ये, म्हणजे गादीवर आल्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. स्मरणिकांमध्ये संस्थेचा इतिहास लिहिताना आपण पायाभरणीपासून सुरुवात करतो आणि कोनशिलेवरची नावे देतो. औंधच्या बाबतीत तसे केले तर सगळा इतिहास निसटेल. इमारतीच्या आधीची तीस वर्षे हीच खरी संस्था होती. त्या काळात तिथे कोण कोण आले आणि काय काय झाले ते पाहू.

लक्ष्मणराव किर्लोस्करांपासून सुरुवात करावी. नांगराचे कारखानदार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. मुळात त्यांना चित्रकार व्हायचे होते, ते जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण रंगांच्या छटा डोळ्यांना नीट ओळखू येत नाहीत असे ध्यानात आले आणि ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकवू लागले. बेळगावातून कारखाना हलवावा लागला तेव्हा १९१० मध्ये बाळासाहेबांनी त्यांना कुंडलच्या माळावर जागा दिली. त्या निवडुंगाच्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. लक्ष्मणरावांचे पुतणे असलेले शंकरराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला थेट लाहोरला गेले होते, पंडित सातवळेकरांच्या स्टुडिओत. १९२० मध्ये त्यांनी जे मासिक काढले त्याने मराठी घराघरांत चित्र, व्यंगचित्र आणि छायाचित्र यांची चव पोहोचवली. पुढे १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. कलेच्या बातम्या आणि कलेची उमेद गावोगावच्या रसिकांपर्यंत नेणारे एवढे मोठे साधन औंध संस्थानातल्या एका माळरानावरून निघत होते, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नाही.

दुसरे, स्वतः पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. वेदांचे भाष्यकार म्हणून ते वंदनीय झाले, इतके की त्यांचे चित्रकारपण झाकले गेले. सावंतवाडीकडचे, १८६७ चे. जे. जे. स्कूलमध्ये मेयो पदक मिळवलेले, व्यक्तिचित्रणात नावाजलेले. हैदराबादेत आणि नंतर लाहोरात त्यांचा स्टुडिओ चालत होता. राष्ट्रीय वृत्तीच्या लेखनामुळे सरकारचा ससेमिरा मागे लागला आणि शेवटी १९१८ च्या सुमारास ते औंधला स्थिरावले. तिथे स्वाध्याय मंडळ, छापखाना, वेदांच्या संहिता असे त्यांचे दुसरे आयुष्य सुरू झाले. त्यांचा मुलगा माधव लाहोरला जन्मला आणि औंधला वाढला. चित्रांनी भरलेल्या गावात वाढलेला हा मुलगा जे. जे.त गेला, युरोपात शिकून आला, नामवंत चित्रकार झाला आणि पुढे महाराष्ट्राचा कलासंचालक झाला. आपल्या शाळांतली मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ज्या रेखाकला परीक्षांना बसतात, त्या घेणारे खाते हेच. वणीतल्या एखाद्या मुलाच्या हातातली ड्रॉइंगशीट आणि औंधची ती टेकडी यांच्यात असा एक लांबचा धागा आहे.

तिसरी गोष्ट नक्कल करण्याची. आज नक्कल हा शब्द आपण तुच्छतेने वापरतो. अजिंठ्याची चित्रे मात्र लोकांसमोर आली ती नकलांमुळेच. जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात मोठ्या प्रमाणावर प्रतिकृती केल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा लंडनमध्ये १८८५ च्या आगीत जळाल्या. बाळासाहेबही चित्रकारांना बरोबर घेऊन अजिंठ्याला गेले, प्रतिकृती करवून घेतल्या, आणि अजिंठा व वेरूळ या दोन्ही लेण्यांवर सर्वसामान्य वाचकाला कळतील अशी पुस्तके लिहिली; वेरूळचे १९२९ मध्ये, अजिंठ्याचे १९३२ मध्ये. नामवंत पाश्चात्त्य चित्रांच्या आणि शिल्पांच्या प्रतिकृतीही त्यांनी संग्रहात ठेवल्या. कित्येक समीक्षकांना या प्रतिकृती खटकतात. पण ज्या शेतकऱ्याच्या पोराला रोमला जाणे जन्मात शक्य नव्हते त्याने निदान हे असे असते एवढे तरी पाहावे, हा विचार त्यामागे दिसतो. संग्रहालय जाणकारांसाठी की अजाणांसाठी, हा प्रश्न औंधने अजाणांच्या बाजूने सोडवला.

चौथी गोष्ट महाभारताची. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावी म्हणून बाळासाहेबांनी एक लाख रुपये देऊ केले आणि १९१९ मध्ये काम सुरू झाले. सुखटणकरांसारखे विद्वान त्यात आयुष्य घालवून गेले. काम पुरे व्हायला १९६६ साल उजाडले, तेव्हा देणगीदाराला जाऊन पंधरा वर्षे झाली होती. बाळासाहेबांची मूळ इच्छा सचित्र महाभारताची होती. त्यांना चित्रे हवी होती, विद्वानांनी पाठ हवा म्हटले. त्यांनी हट्ट धरला नाही. देणगी देणाऱ्याला काय शोभते याचा हा नमुना आहे, आणि आपल्याकडच्या देणगीदारांनी, विशेषतः कमानीवर किती मोठ्या अक्षरात नाव येईल हे आधी विचारणाऱ्यांनी, तो जरूर वाचावा.

अशा गावात वाढणाऱ्या मुलांचे काय होत असेल? ग. दि. माडगूळकर औंधच्या शाळेत होते. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर आणि आटपाडीचे शंकरराव खरात हेही याच संस्थानच्या मुलखातले. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे १९३९ मध्ये कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली, आणि तिच्यावरून गदिमांनी लिहिलेल्या कथेवर व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट १९५७ मध्ये काढला. दुष्काळी माणदेशातून एवढे लेखक का निघाले याचे उत्तर एका राजाच्या खात्यावर जमा करणे बरोबर होणार नाही. माणसे आपापल्या बळावर मोठी होतात. तरीही कीर्तनाला बसलेला राजा, छापखाना, चित्रकार, शाळेतली नाटके हे सगळे ज्या मुलांच्या डोळ्यांसमोर होते त्यांना कला ही परकी वस्तू वाटली नसणार, एवढे म्हणायला हरकत नाही.

आता संग्रह टिकण्याचे ते दुसरे कारण. १९३८ हे साल संग्रहालयाचे, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हवाली करण्याचे जाहीर केले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडमध्ये जन्मलेले अभियंता मॉरिस फ्रीडमन यांनी पुढाकार घेतला, गांधीजींचा सल्ला घेतला गेला, आणि जानेवारी १९३९ मध्ये ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना औंधात लागू झाली. इतिहासाच्या पुस्तकांत हा ‘औंधचा प्रयोग’ राजकारणाच्या प्रकरणात येतो आणि संग्रहालय कलेच्या. मला ही एकाच वृत्तीची दोन कामे वाटतात. सत्ता वाड्यातून बाहेर काढली, चित्रेही वाड्यातून बाहेर काढली. वाड्याच्या भिंतींवर टांगलेली चित्रे संस्थान गेल्यावर घराण्याची मालमत्ता ठरली असती. यमाईला जाणाऱ्या वाटेवर, कोणालाही थांबता येईल अशा जागी ती आणून ठेवल्यामुळे ती लोकांची झाली. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी सातवळेकर गुजरातेत पारडीला निघून गेले. १९५१ मध्ये बाळासाहेब वारले. संग्रहालय पुढे महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये खात्याकडे आले आणि आजही त्याच टेकडीवर आहे.

इथपर्यंतचा इतिहास चित्रांचा. औंधची दुसरी कलासंस्था मात्र अशी आहे की तिला इमारतीचा आधार नव्हता, तरी ती अधिक जिवंत राहिली.

अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा, हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या शिष्यपरंपरेतले ग्वाल्हेर घराण्याचे गायक औंधचे दरबारगायक होते. त्यांचे आध्यात्मिक गुरू शिवानंद स्वामी. गुरूंच्या पुण्यतिथीला, आश्विन वद्य पंचमीला, दत्तमंदिरात गाण्याची सेवा करायची असा नेम त्यांनी १९४० मध्ये सुरू केला. तिकीट नाही, मानधनाची बोली नाही. गवयाने यावे, देवापुढे गावे, गावाने ऐकावे. पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी यांनी तो नेम सांभाळला. गजाननबुवा गायक आणि व्हायोलिनवादक दोन्ही. ग्वाल्हेर घरचीच, शिवाय आग्रा आणि जयपूर या घराण्यांची तालीम घेऊन त्यांनी गाणे समृद्ध केले. १९८७ मध्ये ते गेल्यावर शिष्यांनी महोत्सव खांद्यावर घेतला. उल्हास कशाळकर, अरुण कशाळकर, पद्मा तळवलकर हे त्यांचे शिष्य. ज्यांच्या मैफलीला मोठ्या शहरांत आधी जागा धरावी लागते त्यांचे गाणे औंधला सतरंजीवर बसून ऐकता येते. मोठमोठे गवई इथे येतात ते बिदागीसाठी नव्हे, गुरूच्या गावी हजेरी लावायला.

दोन्ही संस्था शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. संग्रहालयामागे संस्थानचा पैसा होता, पुढे शासनाचा आला; चित्रे सुरक्षित राहिली. पण बाळासाहेबांच्या काळात तिथे चित्रकार येत, काम करीत, शिकवीत. तो राबता संस्थानाबरोबर संपला. महोत्सवामागे असा पैसा कधीच नव्हता. होती ती गुरुशिष्यांची साखळी, ठरलेली तिथी आणि पाहुण्यांना जेवू घालणारे गाव. ऐंशी वर्षांहून अधिक काळ तो चालला. संग्रहालय सांभाळायला शिपाई, कुलूप आणि अनुदान लागते. परंपरा सांभाळायला दर वर्षी पुन्हा करणारी माणसे लागतात. मला निवड करायला सांगितली तर मी गावासाठी आधी तिथी ठरवीन, इमारतीचे नंतर पाहीन.

हे सगळे वणीत वाचताना आपल्याकडे काय आहे याचाही हिशेब मांडावा. सप्तशृंगी मातेची अठरा हातांची, कड्यात कोरलेली मूर्ती हे आधी शिल्प आहे, हे आपण भक्तीच्या भरात विसरतो. २०२२ मध्ये पिढ्यान्‌पिढ्या साचलेला हजार किलोंहून जास्त शेंदूर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उतरवला गेला आणि मूळ कोरीव काम समोर आले, तेव्हा कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा देवीचा चेहरा, दागिने, वस्त्रांची वळणे पाहिली. त्या निमित्ताने किती शाळांनी मुलांना हातात कागद-पेन्सिल देऊन तिथे नेले? दिंडोरी, पेठ, सुरगाण्याच्या पट्ट्यात कोकणा समाजाचा डोंगऱ्यादेव आहे, बोहाड्याची सोंगे आणि मुखवटे आहेत, वारली रेषा आहे, पावरीचा सूर आहे. पालघरकडचे जिव्या सोमा मशे वारली चित्रे घेऊन जगभर गेले आणि २०११ मध्ये पद्मश्री झाले. आपल्या तालुक्याशेजारच्या पाड्यांवर मुखवटा घडवणाऱ्या हाताचे नाव मात्र आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? नाशिकच्या शिवाजी तुपे यांनी गोदाघाट जलरंगात असा रंगवला की शहराला आपला घाट नव्याने दिसला. गड, मार्कंड्या डोंगर, द्राक्षबागा आणि बाजाराचा दिवस असा आपला मुलूख अजून आपल्या चित्रकाराची वाट पाहतो आहे.

औंधसारखा राजा आपल्याला मिळणार नाही आणि मिळायची गरजही नाही. त्याने केलेल्या कामांतली निम्मी कामे गावातले शिक्षक, दुकानदार आणि तरुण मंडळी मिळून करू शकतात. प्रतिकृती का होईना, चांगली चित्रे शाळेच्या भिंतीवर लावणे. रेखाकला परीक्षेला बसलेल्या मुलांची कामे वर्षातून एकदा चावडीवर मांडणे. बोहाड्याचे मुखवटे आणि ते घडवणारे कारागीर यांची छायाचित्रांसह नोंद ठेवणे. गावाबाहेरच्या एका कलावंताला दर वर्षी बोलावून जेवू घालणे. यांतले एक काम जरी नेमाने दहा वर्षे झाले, तरी वणीच्या कलासंस्थेचा इतिहास लिहायला कोणाला तरी बसावे लागेल.

तूर्त एवढेच सुचवतो. कोजागरीला गडावरची यात्रा आटोपली की पाचव्या दिवशी आश्विन वद्य पंचमी येते. ज्यांना सवड असेल त्यांनी त्या दिवसांत औंधला जावे. सकाळी संग्रहालय पाहावे (सुट्टीचा वार आधी विचारून ठेवावा), यमाईचे दर्शन घ्यावे आणि रात्री दत्तमंदिरात गाणे ऐकावे. आणि जाताना गावातली दोन-चार चित्र काढणारी मुले बरोबर न्यावीत.